ओट्यावरचा उजेड

१

लोक स्वयंपाकघर नवं करायला घेतात तेव्हा दगड कुठला आणि कपाटांचा रंग कुठला यावरून घरात रणं माजतात. दिव्यांची आणि प्लगची आठवण सगळ्यात शेवटी होते, आणि मग मला बोलावतात. ओट्यावर उजेड कुठून यावा, मिक्सरचा पॉइंट कुठे, किटलीचा कुठे, सिंकपासून किती लांब, हे मी आखून देतो. काम साधं आहे. त्यातली निम्मी अक्कल एकाच गोष्टीत आहे. छतावरचा दिवा ओट्याशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे असतो, त्यामुळे त्याची सावली त्याच्याच हातांवर पडते आणि आपण काय चिरतोय ते धड दिसत नाही. दिवा वरच्या कपाटांच्या खाली, समोर लावला की सावली मागे जाते आणि हात उजेडात येतात.

हे मी किती घरांत सांगितलं असेल याची गणती नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी मात्र कायम छतावरचाच दिवा होता. भाऊजी मला बघितलं की म्हणायचे, "या मेहुणे, दिव्याखालचा अंधार बघायचा असेल तर आमच्या ओट्यावर बघा."

गेल्या वर्षी भाऊजी निवृत्त झाले आणि दोघांनी हा जुना फ्लॅट घेतला. वरचा मजला, खोल्या हवेशीर, फक्त स्वयंपाकघर तेवढं बोळासारखं अरुंद. त्याची एकुलती एक खिडकी इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडायची, त्यामुळे भर दुपारीही आत दिवा लावल्याशिवाय काही दिसायचं नाही. ताईने कांदा चिरताना बोट कापून घेतलं, टाके पडले. तेव्हा मी टेप आणि मार्कर घेऊन गेलो.

माझी एक पद्धत आहे. नकाशा काढण्याआधी मी घरात जे कोणी रांधतं त्याला रिकाम्या ओट्याशी उभं करतो आणि म्हणतो, आता खोटा खोटा स्वयंपाक करा. हात कुठे जातात ते बघून मी टाइल्सवर खुणा करतो. तोंडाने विचारलं तर माणसं भलतंच सांगतात, हात बरोबर सांगतात.

"म्हातारपणी भातुकली!" ताई हसली, पण उभी राहिली. तिने नसलेला डबा उघडला, नसलेली कणीक मळली, नसलेल्या कढईत काहीतरी परतलं. मला मजा वाटत होती. मग लक्षात आलं की ती सगळं उजव्या बाजूलाच करतेय. डावीकडचा अर्धा ओटा, जिथे तो कोपऱ्यात वळतो, खरं तर ऐसपैस होता. तिकडे ती जातच नव्हती. तिकडचं काही घ्यायचं असलं की ती हात वळसा घालून न्यायची. पंगतीत शेजारच्या माणसाच्या पुढ्यातून मीठ घेताना आपण नेतो ना, तसा.

"ताई, हात असा फिरवून का नेतेस?"

"कसा?"

मी करून दाखवलं.

"चल, काहीतरीच," ती म्हणाली आणि पुन्हा तसाच हात नेला.

शेवटी मी विचारलं, आणखी एखादा पॉइंट हवा का. तिने लगेच कोपऱ्यात बोट ठेवलं, दगडाच्या जेमतेम वर.

"इतक्या खाली? पाणी उडेल त्याच्यावर."

"वर घेतलास तर हात पोचायचा नाही."

"तुझा आरामात पोचेल."

"माझा पोचतो रे, धाकट्या," ताई म्हणाली आणि गॅस पेटवून खराखुरा चहा टाकायला लागली.

२

भाऊजी मला सोडायला खाली आले. नेहमी जिन्यातूनच हात करणारा माणूस. त्या दिवशी फाटकापर्यंत आला.

"तुला काही जाणवलं का?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"तिच्याबद्दल." ते थोडा वेळ चपलेने खडा ढकलत राहिले. "परवा मी पाणी प्यायला आत जायला लागलो तर म्हणाली, आता येऊ नका, आत जागा नाही. एकटी होती. मी म्हटलं, जागा नाही म्हणजे? तर माझ्याकडेच अशी बघायला लागली की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय."

 आमची आई शेवटी शेवटी भिंतीशी बोलायची. कपाटापाशी उभी राहून, माहेरची माणसं आल्यासारखी, तासन्‌तास. ताईनेच तिचं सगळं केलं होतं. भाऊजींना हे ठाऊक होतं. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती आधी उच्चारायला कोणी तयार नव्हतं.

"लेक लांब गेली, नवं घर, ओळखी नाहीत," मी म्हणालो. "दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत उभी असते. मलाही तिथे उदास वाटलं."

"डॉक्टरकडे न्यायचं म्हणतोय."

"न्या ना. पण आधी उजेड तर करू."

ते मान हलवून वर गेले. त्या कोपऱ्यातल्या प्लगचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं तेव्हा वाटलंही नाही.

पुढे डॉक्टरांनी तपासलं. स्मरण चोख, रक्त बरं, डोळ्यांचा नंबर थोडा वाढलेला. ताईने डॉक्टरांनाच त्यांच्या कंबरदुखीवर दोन उपाय सांगितले. आम्ही तिघं त्या दिवशी बाहेर जेवलो आणि खूप हसलो.

३

माझ्याबरोबर नेहमी काम करणारा मिस्त्री अबोल आहे. मशीनने भिंतीत झिरी मारायची, पाइप बसवायचा, बुजवायचं, पुढच्या घरी जायचं. गाणं नाही, तंबाखू नाही, गप्पा नाहीत. ओट्यामागची भिंत इमारतीची बाहेरची भिंत होती; तिच्या पलीकडे नुसती हवा आणि खाली रस्ता. तिच्यात जुनी वायर, पोकळी, असलं काही निघालं नाही. मिस्त्री म्हणाला, लोण्यासारखी भिंत आहे.

दुपारी तो कोपऱ्यातल्या त्या बुटक्या पॉइंटचा डबा बसवत होता. वीज बंद केलेली, म्हणून बॅटरीवरचा दिवा त्याने पाठीमागे स्टुलावर ठेवला होता. मी बाहेरच्या खोलीत ताईशेजारी बसलो होतो. ती धुतलेले कपडे घडी करत होती आणि मी मोजे जुळवून देत होतो.

आतून मिस्त्रीचा आवाज आला. "ताई, जरा बाजूला होता का? हातावर अंधार येतोय."

ताईने मान वर केली नाही. मी हातातला मोजा घेऊन उठलो आणि दारात गेलो. मिस्त्री ओट्यावर वाकलेला, पाठ माझ्याकडे. स्टुलावर दिवा. दोघांच्या मध्ये कोणी नाही.

"कोणाला सांगतोस?"

त्याने वळून पाहिलं. मग दिव्याकडे पाहिलं. "दार हललं असेल," तो म्हणाला.

त्या स्वयंपाकघराला दार नव्हतंच. नुसती चौकट होती. हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने उरलेले स्क्रू कसेबसे पिळले, हत्यारं पिशवीत कोंबली आणि दिव्यांच्या पट्ट्या तुम्हीच लावा, मला दुसरीकडे जायचंय असं म्हणून तो निघाला. इतक्या वर्षांत एका दमात तो एवढं पहिल्यांदाच बोलला.

मी स्वतःची समजूत घातली. बॅटरी उतरली की दिवा मंद होतो. सिमेंटची धूळ उडते, तिचा पडदा होतो. माझ्या धंद्यात अंधाराला नेहमी कारण असतं आणि मी ते शोधून दाखवतो, त्यावर तर माझं पोट आहे.

४

पट्ट्या मी लावल्या. त्या सहसा कपाटाच्या पुढच्या कडेला लावतात, पण ताईचा ओटा काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटचा होता. पुढे लावल्या असत्या तर एकेक दिवा दगडात आरशासारखा दिसला असता. म्हणून मागे, भिंतीलगत, जरा पुढे कललेल्या. चिमणीच्या उजवीकडे एक, डावीकडे कोपऱ्यापर्यंत एक. दोन्हींना वेगळी बटणं.

दोन्ही बटणं दाबली तेव्हा ताईने टाळीच वाजवली. त्या बोळाचं अगदी दुकान झालं. दगडातले कण दिसायला लागले, टाइल्सवरचे जुने तेलाचे डागसुद्धा.

"बाई गं, किती घाणीत राहत होते मी!" ती म्हणाली आणि फडकं घेऊन भिडली. भाऊजी चौकटीत उभे राहून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडलेले दिसले.

मग ते औषधं आणायला बाहेर गेले. ताईने भाजी काढली, फळी घेतली आणि चिरायला लागली, उजव्या बाजूलाच. मी समोरच्या पांढऱ्या भिंतीला टेकून काम कसं झालंय ते बघत होतो. उजेड तिच्या छातीच्या उंचीवरून माझ्याकडे येत होता. तिची भलीमोठी सावली माझ्या बाजूने भिंतीवर चढून छतावर मोडली होती. अंबाडा थेट पंख्यापाशी.

तिच्या सावलीशेजारी दुसरी सावली होती.

दोन पट्ट्या, दोन सावल्या. यात नवल काही नाही. प्रत्येक दिव्याची वेगळी सावली पडते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी हसून मान वळवली. पण डोळा पुन्हा तिकडेच जायला लागला. ताईचं डोकं छतावर गेलं होतं, कारण ती पट्टीपेक्षा उंच आहे. त्या दुसऱ्या सावलीचं डोकं खाली भिंतीवरच होतं, गोल, खांद्यांत रुतलेलं. दिव्याच्या उंचीपर्यंतही न पोचणाऱ्या कोणाचं तरी.

मी डावीकडचं बटण बंद केलं. आता दिवा एक. सावली एक पडायला हवी.

दोन होत्या. दोघींची कोपरं हलत होती. ताईची सुरी टकटक चालली होती, आणि दुसरं कोपर त्या तालात नव्हतं. ते सावकाश चाललं होतं, काहीतरी जड आणि चिवट कापत असल्यासारखं.

दारावरची घंटा वाजली.

"भाऊजी तुझे किल्ली विसरले वाटतं," ताई म्हणाली. तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि माझ्या अंगाला घासून बाहेर गेली. तिची सावली तिच्याबरोबर सरकत भिंतीवरून उतरली.

दुसरी तिथेच राहिली. ओट्याशी कोणी नव्हतं. फळीवर अर्धी भाजी, शेजारी ताईची सुरी, पांढरा स्वच्छ उजेड. आणि माझ्या खांद्याशेजारी, भिंतीवर, ते कोपर पुढे मागे, पुढे मागे.

मग ते थांबलं.

कोणीतरी बघतंय असं वाटलं की माणूस हातातलं काम थांबवतो आणि नुसती मान वळवतो. त्या गोल डोक्याचा आकार हळूहळू बदलायला लागला. आधी गालाची कड आली. मग नाकासारखं काहीतरी यायला लागलं.

मी बटणावर हात मारला. अंधार झाला.

ताई परत आली. तिच्यामागे भाऊजींच्या हातातल्या पिशवीची खसखस ऐकू येत होती. ती माझ्यावर जवळजवळ ओरडलीच, पण आवाज दाबून, आत तान्हं मूल निजलेलं असावं तसा.

"अरे, बंद काय केलास! तिच्या हातात सुरी आहे!"

५

त्याच दिवशी मी ताईला माझ्या घरी आणलं. भाऊजींना सांगितलं की वायरिंगमध्ये दोष आहे, शॉक बसेल. ते माझ्याकडे बघत राहिले. वीस प्रश्न त्यांच्या तोंडावर होते, त्यांतला एकही त्यांनी विचारला नाही. "मी दुसरी जागा बघायला लागतो," एवढंच म्हणाले आणि बायकोची बॅग भरायला घेतली.

माझ्याकडे ताई छान राहिली. माझ्या बायकोबरोबर तिने लोणच्याच्या बरण्या धुतल्या, माझ्या धाकटीच्या फ्रॉकला झालर लावली. एकदा जेवताना, बाकी सगळे उठल्यावर, मी विचारलं.

"ताई, कोण आहे ती?"

"मला काय माहीत."

"तुला भीती नाही वाटत?"

तिने ताटात बोटाने रेघ ओढली. "आधी वाटायची. अंधारात नुसतं जाणवायचं, दिसायचं काही नाही. शेजारी कोणीतरी उभं आहे आणि आपल्याला लागलं तर आपलंच चुकलं, असं. मग मी अंग चोरून घ्यायला शिकले. आपल्याला कळतं ना रे, कोणाला किती जागा लागते ते." ती थांबली. "आता तर तू उजेड केलास. आता तिलाही मी दिसते."



थोड्या दिवसांनी, सकाळची कामं आवरल्यावर, ताई भाजी आणते म्हणून पिशवी घेऊन निघाली आणि जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही. बायकोचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. कुठे गेली असेल हे मला विचार न करता कळलं. भाऊजी जागा बघायला गेले होते, त्यांना मी फोन लावला. आम्ही दोघं इमारतीच्या खालीच भेटलो आणि जिना चढून वर गेलो. ते माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, पण माझ्या पुढे होते.

दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात दोन्ही पट्ट्या चालू.

ताई ओट्यापाशी खाली, कुशीवर पडली होती. चष्मा डोळ्यांवर तसाच. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर नंतर म्हणाले की हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. तसं ते सगळ्यांनाच सांगतात. तिच्या चेहऱ्यावर काही भयंकर होतं असंही नाही. फक्त तिने अंग अगदी आखडून घेतलेलं होतं, गुडघे पोटाशी, कोपरं बरगड्यांशी, जणू एवढ्या मोकळ्या फरशीवरही तिच्या वाट्याला टीचभरच जागा आली होती.

भाऊजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी भिंतीकडे न बघता पुढे झालो आणि दोन्ही बटणं बंद केली.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "मला तिचं तोंड बघू दे."

मी पुन्हा लावली, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

६

सगळे विधी, सगळी माणसं, सगळे फोन आटोपले. लेक आली, रडली, वडिलांना बरोबर चला म्हणाली. ते गेले नाहीत. जागा विकायचं बोलणं त्यांनी बंद केलं. मी बोलावलं की येतो म्हणायचे, आणि यायचे नाहीत. मला वाटलं, दुःख आहे. दुःखाला मुदत द्यावी लागते.

मग एका दुपारी त्यांचाच फोन आला. "डावीकडच्या पट्टीचा एक तुकडा लुकलुकतोय. येऊन बदलून देतोस का?"

"काढूनच टाकू ना ती, भाऊजी."

"बदलून दे," ते म्हणाले.

दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. वाळले होते, पण डोळे शांत होते. त्यांनी मला सरळ आत नेलं. स्वयंपाकघरात त्यांनी आरामखुर्ची आणून ठेवली होती. ओट्याकडे तिची पाठ होती, आणि तोंड मागच्या पांढऱ्या भिंतीकडे. हाताशी पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र, चष्म्याचं घर. तिथे ते राहायलाच लागले होते.

मी भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. पण माणसाचा डोळा त्याचं ऐकतो थोडाच. कडेने, ओझरतं, मला दिसलं. छतावर, पंख्यापाशी, अंबाडा. मनगटाने कपाळावरची बट मागे सारली गेली. ताई कामाच्या घाईत सारायची तशी.

 मी चौकट धरली.

"दुपारी बराच वेळ असते," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमानासारखं काहीतरी होतं. "सकाळी घाईत. मी वाचून दाखवतो तिला. पेपरातलं."

"भाऊजी," मी कसंबसं म्हणालो, "तिथे दोघी आहेत."

"मी एकीकडेच बघतो."

"चला माझ्याबरोबर. आत्ता. तसेच."

"आणि ती?" त्यांनी विचारलं. "तिला इथे हिच्याजवळ एकटी सोडू?"

 त्यांचं बोलणं वेड्याचं नव्हतं. एक नवरा आपल्या बायकोबद्दल जे बोलेल तेच ते बोलत होते.  मी पिशवीतून नवा तुकडा काढला.

"दोन्ही बंद नको करू हं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "उजवीकडची चालू ठेव."

मी डावीकडचं बटण बंद केलं आणि ओट्याशी गेलो. कोपऱ्यापाशी, कपाटाखाली वाकलो. माझं तोंड टाइल्सकडे, पाठ भिंतीकडे. मागे काय दिसतंय ते मला कळत नव्हतं. दिसत होतं ते फक्त भाऊजींना. लुकलुकणारा तुकडा मी सोडवला. बोटं घामाने ओली झाली होती, क्लिप बसेना.

"जरा डावीकडे हो," मागून भाऊजी म्हणाले. "ती झाकली जातेय."

मी सरकलो.

"अजून थोडा."

मी आणखी सरकलो. दगडाचा गारवा पोटाला लागला. क्लिप बसली. मी हात मागे घेणार, एवढ्यात त्यांचा आवाज आला, अगदी खाली गेलेला.

"बास. आता हलू नकोस."

"काय झालं?"

"तुझ्याकडे बघतेय."

"कोण, ताई?" मी विचारलं.

भाऊजी काहीच बोलले नाहीत.